साडेचार व्होल्टची जागा

(क्लोजअप: उघडलेला अॅम्प्लिफायर)

बेळगावच्या खडे बाजाराजवळचं दुरुस्तीचं दुकान. टेबलावर जांबोटीकडच्या एका भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर. माईकचा आवाज बारीक येतो, तोही फाटका. खानापूर तालुक्यातला पाऊस बोर्डावरही दिसतो. सोल्डरवर हा हिरवा गंज बघा.

"मामा, ट्रान्झिस्टर बदलू?"

"आधी व्होल्टेज बघ की रे."

माईकचा सिग्नल पहिल्यांदा शिरतो तो या बीसी ५४७ ट्रान्झिस्टरमध्ये. त्याचे तीन पाय: सिग्नल घेणारा बेस, करंट आत घेणारा कलेक्टर, करंट बाहेर सोडणारा एमिटर. बेस एमिटरच्या वर साधारण ०.६५ व्होल्ट चढला की हा वाहू लागतो. मागच्या फळीवरच्या जुन्या रेडिओंतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर ०.२-०.३ वरच जागे व्हायचे. पण माईक देतो जेमतेम काही मिलिव्होल्ट. म्हणून ट्रान्झिस्टरला आधीपासूनच अर्धवट चालू ठेवायचं. हेच बायसिंग. झोपाळ्याला पुढे जागा लागते तशी मागेही. ९ व्होल्टच्या सप्लायवर कलेक्टर साडेचारच्या आसपास असला की सिग्नलला दोन्हीकडे मोकळीक.

(वहीवर पेन्सिलने काढलेलं सर्किट)

मामांचा हिशेब. बेसच्या वर करंट अडवणारा ४७ के (किलोओहम) चा रेझिस्टर, खाली १० के चा: बेसवर आले १.५८ व्होल्ट. त्यातले ०.६५ वजा, एमिटरच्या १ के वर ०.९३. म्हणजे करंट ०.९३ मिलिअँपिअर. तोच कलेक्टरच्या ४.७ के मधून जाताना ४.४ खातो, कलेक्टरवर राहतात ४.६.

या हिशेबात ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेसचा करंट तो किती पट करतो, कुठेच आला नाही! बीसी ५४७ चा गेन ११० पासून ८०० पर्यंत काहीही निघतो. पेटीतला कुठलाही उचला, कलेक्टर फारसा हलत नाही. तापून करंट वाढलाच, तर एमिटरचं व्होल्टेजही चढतं, बेस-एमिटरमधलं अंतर घटतं आणि करंट पुन्हा आवरला जातो. नुसता पार्ट बदलणाऱ्याला हे कधी कळायचं नाही.

(मीटर: १.८)

कलेक्टरवर ४.६ हवेत, आहेत १.८. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होऊन अडकलाय. मामा चिमट्याने तपकिरी-काळा-केशरी पट्ट्यांचा रेझिस्टर हलवतात. खालचा १० के. त्याचा एक पाय गंजून तुटलाय, म्हणून बेसचं व्होल्टेज वर चढलं.

नवा रेझिस्टर, दोन टाके. मीटर: ४.६.

खर्च रुपया-दोन रुपये, वर मजुरी. आधीच्या दुकानात मंडळाला सांगितलं होतं, अख्खा बोर्ड बदला.