मदुराईचं भिंग

(दृश्य : लाकडी टेबलावर काळ्या फ्रेमचा, जाड भिंगांचा जुना चष्मा. एका काडीच्या जागी दोरा बांधलेला.)

निवेदन :

हा चष्मा ओळखीचा वाटतो ना? आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांनी तो लहानपणी पाहिलाय. आजोबांच्या नाकावर, नाहीतर शेजारच्या काकूंच्या. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगं, आणि त्यांच्यामागे भलेमोठे दिसणारे डोळे.

मोतीबिंदू काढलेल्या माणसाचा हा चष्मा. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग डॉक्टर काढून टाकायचे आणि त्याची जागा रिकामी राहायची. डोळ्यातलं भिंग मग जन्मभर नाकावर वागवायचं. नंबर साधारण अधिक दहा. सगळं पाव पटीनं मोठं दिसायचं, त्यामुळे जवळ भासायचं. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला जावं, तर ते अलीकडेच सांडायचं. जिन्याची पायरी चुकायची. समोरचं दिसे, कडेचं दिसत नसे. रस्त्यावरचा सायकलवाला जमिनीतून उगवल्यासारखा समोर यायचा. आणि एक दिवस चष्मा हातातून पडून फुटला, की माणूस पुन्हा आंधळा.

ऑपरेशन यशस्वी झालं, असं कागदावर लिहिलेलं असायचं.

(दृश्य : बोटाच्या टोकावर मावणारं, काचेसारखं पारदर्शक कृत्रिम भिंग. दोन्ही बाजूंना केसासारख्या वाकड्या दांड्या.)

याला उपाय जगात होता, आणि बराच जुना होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिकचे कण घुसायचे. हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की हे कण डोळ्यात राहिले तरी डोळा ते सहन करतो. काचेचा कण गेल्यावर होतो तसा लाल होऊन सुजत नाही. त्याच जातीच्या अ‍ॅक्रिलिकचं भिंग करून १९४९ साली त्यांनी लंडनमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि १९८० च्या दशकापर्यंत श्रीमंत देशांत मोतीबिंदूनंतरचा तो जाड चष्मा जवळपास हद्दपार झाला.

आपल्याकडे मात्र आयात केलेलं एक भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. शेतमजुराच्या डोळ्यात शंभर डॉलर कोण घालणार?

या प्रश्नाचं उत्तर तमिळनाडूतल्या मदुराई शहरात सापडलं. एका धर्मादाय संस्थेनं त्यासाठी कारखाना काढला.

(दृश्य : मदुराई. मीनाक्षी मंदिराची गोपुरं, खाली मोगऱ्याचा बाजार. तिथून कॅमेरा अण्णानगरच्या रस्त्यावर.)

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सगळे त्यांना डॉ. व्ही. म्हणत. वडमलापुरम नावाच्या खेड्यात १९१८ साली शेतकऱ्याच्या घरी जन्म. त्यांना व्हायचं होतं प्रसूतितज्ज्ञ. पण तिशीतच संधिवातानं गाठलं. वर्षभराहून जास्त काळ अंथरुणात गेला आणि बोटं कायमची वाकडी झाली. प्रसूती करणं त्या हातांना शक्य नव्हतं, म्हणून ते डोळ्यांकडे वळले. वाकड्या बोटांत धरता येतील अशी हत्यारं करून घेतली आणि त्याच बोटांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक ऑपरेशनं केली. हा आकडा मी लिहितो आणि दर वेळी थांबतो.

१९७६ साली, ५८ व्या वर्षी, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. बहीण, मेहुणे, भाऊ असं घरचंच माणूसबळ गोळा केलं आणि ११ खाटांचं रुग्णालय सुरू केलं. योगी अरविंदांवरच्या श्रद्धेतून त्याला नाव दिलं अरविंद. बँकेनं कर्ज दिलं नाही. घर गहाण पडलं, घरातले दागिनेही गेले. देणगीदारांच्या दारात उभं राहायचं नाही, हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं. ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्यानं देऊ नयेत, आणि आलेल्या पैशांत दोघांचं भागवायचं.

ऐकायला हे भाबडं वाटतं. चाललं कसं, ते बघू.

(दृश्य : गावातली शाळा. शिबिराचा फलक. बाकांवर रांगेनं बसलेली म्हातारी माणसं.)

सुरुवातीला त्यांनाही आपल्यासारखंच वाटलं होतं, की ऑपरेशन मोफत ठेवलं की लोक येतील. शिबिरात तपासलं, मोतीबिंदू निघाला, तारीख दिली. पण त्या तारखेला फार थोडे आले. कारणं शोधली तेव्हा कळलं, की मोफत ऑपरेशन गरिबाला फुकट पडत नाही. एसटीचं भाडं लागतं. सोबत कुणीतरी लागतं, त्याची मजुरी बुडते. तिथे जेवायचं काय, राहायचं कुठे? आणि डोळ्याला सुरी लावायची भीती वेगळीच.

मग पद्धत बदलली. शिबिरात निवड झाली की त्याच दिवशी बसमध्ये बसवून मदुराईला आणायचं. जेवण, मुक्काम, ऑपरेशन, औषधं, परतीची बस, सगळं रुग्णालयाचं. एकाच गावचे लोक एकत्र येतात, एकमेकांना धीर देतात. शिबिराचा मांडव, गावातली दवंडी, चहापाणी यांचा खर्च गावचे व्यापारी, लायन्स क्लब किंवा एखादं देवस्थान उचलतं.

(दृश्य : ऑपरेशन थिएटर. शेजारी शेजारी दोन टेबलं. डॉक्टर एका टेबलावरून दुसऱ्याकडे वळतात. निळ्या-हिरव्या पोशाखातल्या मुलींची न थांबणारी लगबग.)

डॉक्टर एका टेबलावर ऑपरेशन करतात, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. डॉक्टर फक्त वळतात. बाकीचं सगळं, तपासणी, नंबर मोजणं, भूल देण्याआधीची तयारी, हत्यारं हातात देणं, पट्टी, समुपदेशन, हे करतात आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुली. शाळा संपवून येतात, दोन वर्षं इथेच शिकतात. अरविंदमधला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास मोतीबिंदू काढतो, तो या मुलींच्या जोरावर. डॉ. व्हीं.चं नाव जगभर झालं. या मुलींची नावं कुणाला माहीत नाहीत. पण हिशेबाच्या वहीत सगळ्यात मोठी बचत त्यांच्या कष्टांतून आलेली आहे, आणि या फिल्ममध्ये ते स्पष्ट म्हटलं गेलं पाहिजे.

(दृश्य : दोन फाटक. एक पैसे भरणाऱ्यांचं रुग्णालय, दुसरं मोफत.)

इथे दोन दारं आहेत. एकीकडे पैसे भरायचे, एकीकडे नाही. कुठल्या दारानं आत जायचं ते रुग्ण स्वतः ठरवतो. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे वाक्य दोनदा ऐकावंसं वाटेल. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचा नियम आहे. नियम चांगला आहे, त्यानं जीवही वाचले आहेत. पण ती खाट मिळवायला तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवावं लागतं. आजारी माणसाला आधी आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागतं. मदुराईत तो जे दार निवडतो तेच त्याचं उत्तर. मग पैसेवाले फुकटच्या दारानं शिरत नाहीत? काही शिरत असतील. पण पैसे भरलेल्याला स्वतंत्र खोली मिळते, भिंगाचे आणि ऑपरेशनच्या पद्धतीचे जास्त पर्याय मिळतात; मोफत विभागात अनेकांनी मिळून एका दालनात चटईवर झोपायचं असतं. डॉक्टर मात्र आलटून पालटून दोन्हीकडे तेच.

डॉक्टर तेच होते, तरी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या दोन दारांमध्ये एक मोठा फरक होता. पैसे भरणाऱ्याच्या डोळ्यात आयात केलेलं भिंग बसत होतं. मोफत दारानं आलेल्याला मिळत होता, तुम्ही सुरुवातीला पाहिलात तो चष्मा.

(दृश्य : पुन्हा तोच चष्मा. शेजारी ते इवलंसं भिंग.)

परदेशातून देणगीत काही भिंगं येत. पण डोळ्याच्या भिंगालाही नंबर असतो, प्रत्येकाचा वेगळा. देणगीच्या खोक्यात हवा तो नंबर हव्या त्या दिवशी असेलच, याची खात्री कोण देणार? गरीब देशांना हे तंत्र झेपणार नाही, त्यांना चष्माच बरा, असंही अनेक तज्ज्ञ तेव्हा म्हणत.

भिंग आपणच बनवायचं ठरलं. मोठ्या कंपन्यांनी तंत्र द्यायला नकार दिला. अंधत्व टाळण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सेवा फाउंडेशन या संस्थेशी जोडलेले डेव्हिड ग्रीन मदतीला आले, आणि शेवटी फ्लोरिडातल्या एका लहान कंपनीकडून तंत्र विकत घेतलं गेलं. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली.

(दृश्य : ऑरोलॅबचा कारखाना. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या तरुणी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून एकेक भिंग तपासताना.)

ऑरोलॅब हा ट्रस्ट आहे. मालक नाही, भागधारक नाहीत, लाभांश नाही. पण काम शंभर टक्के कारखान्याचं. कच्चा माल, लेथ, पॉलिश, तपासणी, निर्जंतुकीकरण, पॅकिंग, विक्री. धुळीचा कण चालत नाही. इथेही काम करतात त्या बहुतेक खेड्यांतल्याच मुली.

नव्वदच्या दशकात ऑरोलॅबनं दहा डॉलरच्या आसपास भिंग द्यायला सुरुवात केली. पुढे साधं भिंग दोन-चार डॉलरपर्यंत उतरलं. युरोपात विकायला लागणारं सीई प्रमाणपत्र मिळालं. अरविंदपुरतं न ठेवता ती भिंगं इतर रुग्णालयांना, संस्थांना, परदेशांना विकली जाऊ लागली. आज शंभराहून अधिक देशांत जातात. भिंगांनंतर टाके घालायचा धागा आला, केसाहून कितीतरी बारीक. मग औषधाचे थेंब, मग उपकरणं.

इथे जरा थांबायला हवं, कारण मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो.

मराठीत ‘धंदा’ हा शब्द संस्थेच्या शेजारी ठेवला की वास येतो. ‘त्यांनी सेवेचा धंदा मांडलाय’ ही आपल्याकडे शिवी आहे. अशी शंका घ्यायला कारणंही घडलेली आहेत. त्यामुळे कुठल्याही ट्रस्टनं काही विकायला काढलं, की आपण समजूत करून घेतो : देणग्या आटल्या असतील, चार पैसे उभे करायचे असतील. दिवाळीला पणत्या, उटणं, आकाशकंदील विकून वसतिगृह चालवणाऱ्या कितीतरी संस्था आपल्या आसपास आहेत, आणि त्या पणत्या आपण घ्यायलाच हव्यात. तिथे धंदा एकीकडे, सेवा दुसरीकडे, आणि मधून पैशांचा पाट वाहतो.

ऑरोलॅबचं तसं नाही. पैसे मिळावेत म्हणून तिनं भिंग विकलं नाही. भिंगाची किंमत पडावी म्हणून विकलं. नफ्याच्या चेकनं झालं नसतं असं काम किमतीनं केलं. दहा डॉलरचं भिंग बाजारात आल्यावर ज्यांनी अरविंदचं नावही ऐकलं नव्हतं, अशा दूरच्या गावांतल्या, दूरच्या देशांतल्या रुग्णालयांनाही ते गरिबाच्या डोळ्यात बसवणं परवडू लागलं. आणि किंमत उतरायला हवी होती संख्या. ती संख्या दिली मोफत दारानं येणाऱ्या हजारो माणसांनी. ज्यांना आपण ‘खर्चाची बाजू’ म्हणतो, त्यांच्यामुळेच कारखान्याचं गणित बसलं.

(दृश्य : सकाळ. रुग्णालयाबाहेरची गर्दी. वर पाटी : अरविंद नेत्र रुग्णालय.)

११ खाटांचं ते रुग्णालय पुढे थेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर, पुदुच्चेरी, चेन्नई असं पसरलं. आता वर्षाला चार लाखांहून अधिक ऑपरेशनं आणि लेसरसारखे उपचार होतात. त्यांतले जवळपास निम्मे मोफत किंवा अगदी नाममात्र पैशांत. २००६ साली डॉ. व्ही. गेले. काम चालू राहिलं.

मग हीच पद्धत सगळीकडे का नाही? संस्थांच्या बैठकांमध्ये हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय, आणि उत्तर द्यायची घाई करू नये असं माझं मत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन थोड्या मिनिटांचं असतं, बहुतेकदा एका डोळ्याला एकदाच लागतं, आणि श्रीमंताला नि गरिबाला सारखंच होतं. म्हणून पैसे देणारा आणि न देणारा एकाच घरात राहू शकतात. क्षयरोगाचं तसं नाही, मनोरुग्णांचं नाही, वेठबिगारांच्या सुटकेचं तर मुळीच नाही. तिथे पैसे भरणारं दुसरं दार उघडायचं कुणासाठी? अशा कामाला देणगी लागते, सरकार लागतं. ‘तुम्ही स्वावलंबी का होत नाही’ असं त्या कार्यकर्त्यांना मदुराईचा दाखला देऊन विचारणं अन्यायाचं आहे.

(दृश्य : रुग्णालयाच्या अंगणात उभी बस. परतीचे प्रवासी चढताहेत. खिडकीशी बसलेली एक आजी, डोळ्यावर काळा गॉगल, मांडीवर केसपेपरची पिशवी.)

निघायच्या आधी प्रत्येकाचा केसपेपर एकदा तपासतात. नाव, गाव, कुठला डोळा, थेंब कधी घालायचे, पुन्हा कधी यायचं. भिंगाच्या डबीबरोबर एक छोटं स्टिकर येतं, ते इथे चिकटवलेलं असतं. रस्त्यापलीकडच्या, पैसे भरलेल्या विभागातही ते असंच चिकटवतात.

(दृश्य : स्टिकर जवळून. मग आजी. ती पिशवीची गाठ मारते, खिडकीची काच सरकवते. बस सुटते.)

भिंगाचा नंबर. अनुक्रमांक. खाली बारीक अक्षरांत, ऑरोलॅब, मदुराई.