तिसऱ्या सिलिंडरचा काटा

(व्हिडिओची सुरुवात: सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजणाऱ्या गेजचा काटा, अगदी जवळून)

"मार सेल्फ." मिस्त्री पोराला सांगतात, म्हणजे स्टार्टर फिरव.

इंजिन घरघरतं. चालू होत नाही, करायचंही नाहीये. चारही प्लग बाहेर काढलेत, कॉइलचे सॉकेट सोडलेत, पेट्रोल पंपाचा फ्यूज मिस्त्रींच्या खिशात. पोरगा ॲक्सिलेटर तळाला दाबून बसलाय. एकेका फटक्याला काटा वर चढतो. सहाव्या फटक्याला थांबतो. मिस्त्री फरशीवर खडूने आकडा लिहितात, १३५.

जळगाव, अजिंठा चौफुलीपासून थोडं आत. मे महिना. साडेनऊलाच डोक्यावरचा पत्रा तापलाय. गाडी पारोळ्याकडची, पेट्रोलची, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. मालकांनी आल्या आल्या सांगितलं, "चालू व्हस भाऊ, पन खेचत नही." एसी लावला की पुलाच्या चढावर गिअर उतरवावा लागतो.

(फरशीवरचे आकडे)

१३५. १३०. १०५. १३०.

अशा प्रकारच्या धडधाकट पेट्रोल इंजिनात काटा साधारण १५० ते १८० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान जातो, आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या आसपास असतात. दहा टक्क्यांचा फरक चालतो. इथे चारही खाली आहेत आणि तिसरा तर पारच बसलाय.

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून साधारण दहाव्या हिश्श्याएवढं करतो. हेच कॉम्प्रेशन. डिझेल गाडीत दाब याहून जास्त. तिथे प्लगची ठिणगी नसतेच, दाबाने तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं. म्हणून कॉम्प्रेशन उतरलेली डिझेल गाडी थंडीत सकाळी लवकर चालू होत नाही. दाब निसटतो तो पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून, व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅसकेटमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखाली (हेडखाली) असणाऱ्या पातळ पट्टीतून. कुठून, हे इंजिन न खोलता ओळखायची जुनी युक्ती आता बघा.

(चमचा, ऑइलचा डबा)

एक चमचा इंजिन ऑइल. प्लगच्या भोकातून तिसऱ्या सिलिंडरमध्ये. पुन्हा गेज, पुन्हा "मार सेल्फ". काटा १४५ वर. ऑइलने रिंगांच्या कडेची फट तेवढ्यापुरती बुजवली, म्हणजे गळती तिथलीच. व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट गेलं असतं तर काटा फारसा हलला नसता. मग प्लग परत बसवून मिस्त्री ऑइल भरायचं झाकण उघडून इंजिन चालू असतानाचा धूरही दाखवतात. गॅरेजच्या भाषेत "बॅक कॉम्प्रेशन मारतंय".

मग रिंगा एवढ्या घासल्या कशाने?

(एअर फिल्टरची पेटी उघडते)

कॅमेरा इथे बराच वेळ थांबलाय, आणि आम्ही तो मुद्दाम थांबू दिलाय. कापसाच्या काळ्या रानातली गाडवाट, उन्हाळ्यात पिठासारखी झालेली माती, पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे धुळीत चाललेली ही गाडी. फिल्टर काढून मिस्त्री फरशीवर आपटतात. एकदा, दोनदा. खाली धुळीचा चौकोन उमटतो. वरची धूळ काळजीची नाही, ती अडवायलाच फिल्टर असतो. पण कागद उजेडाकडे धरला की घडीत एक बारीक चीर दिसते. दर महिन्याला कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून साफ केलेला फिल्टर असाच फाटतो. साफ केल्याचं समाधान मात्र मिळतं!

आता मिस्त्रींचं बोट बघा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये फिरवलं. बाहेर आलं तेव्हा टोक मातकट. या धुळीत रेतीचे कण असतात. ते ऑइलमध्ये मिसळतात आणि रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत (बोअर) यांच्यामध्ये कानशीसारखे चालतात. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असलं तरी अशा रस्त्यावर मिस्त्री आधीच बदलायला सांगतात. पुस्तकांतही धुळीच्या भागासाठी वेगळी ओळ असते, बारीक अक्षरात. फिल्टर फाटका असेल तर महागडं ऑइलही काय करणार?

(रेडिएटर, गंजाचं पाणी)

दुसरी गाडी, दुसरा रोग. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी. क्षार धरतात, नळ्या बुजतात. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत इंजिन एकदा उकळलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं, मग गॅसकेट उडतं आणि कॉम्प्रेशन शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा थेट पाण्यात शिरतं. डिपस्टिकवर (ऑइल तपासायच्या पट्टीवर) ऑइल चहासारखं दिसलं तर गाडी जागेवरच बंद करायची. तापमानाचा काटा लाल पट्टीत असताना "गाव आलंच आहे" म्हणत चालवलेल्या गाड्या मिस्त्रींकडे टो होऊन येतात. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे, व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेटही वेळच्या वेळी तपासावे लागतात; व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत (सीटमध्ये) खोल बसत जातो आणि कॉम्प्रेशन निसटतं.

पारोळ्याच्या गाडीला हाफ इंजिन करावं लागेल. बोरिंग, रिंगा-पिस्टन, आठ दिवस, आणि खर्च मालकांनी ऐकून घेतला.

(नवा फिल्टर बसतो, क्लिपा लागतात)

दुसऱ्या गाडीला, म्हणजे बोअरवेलच्या पाण्यावाल्या गाडीला, आज फिल्टर बदलून मिळतोय. मिस्त्री पेटी आधी ओल्या फडक्याने पुसतात, फिल्टरचा रबरी काठ चौफेर बोटाने दाबतात, मग एकेक क्लिप. खटकन आवाज आल्याशिवाय पुढची नाही.

पारोळ्याचे मालक जुना फिल्टर हातात घेऊन उभे आहेत. "हवा मारीसन वापरता येई का?"

मिस्त्री काहीच बोलत नाहीत. फिल्टर घेतात आणि कोपऱ्यातल्या ड्रममध्ये टाकतात.