मदत घोड्याला, घाई कुणालाच नको

नमस्कार श्रोतेहो.

एका दिवसात घोड्यावरून १६० किलोमीटर. नाशिकहून निघालात तर जवळपास मुंबई गाठाल! एन्ड्युरन्स रायडिंगमधली, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीतली, ही एका दिवसाची सर्वांत लांब मजल. वाटेत टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात. नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती पटकन सपाट झाली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. शेवटी दुडक्या चालीनं पळवतात. लंगडला, तर स्पर्धा तिथेच संपली, मग स्वार कितीही पुढे असो.

आता बाहेरच्या मदतीचं बोलू. आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत मदतनिसांची गाडी सायकलमागे असते, रात्री तर ती लागतेच. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र स्वाराच्या मागेपुढे गाडी, सायकल किंवा पायी माणूस धावला, तर ती निषिद्ध मदत ठरते.

मला हा फरक अगदी योग्य वाटतो. सायकलस्वार आपल्या मर्जीनं उतरतो, दमला तर थांबतो. घोडा कळपातला प्राणी. मागून हॉर्न वाजला, कुणी ओरडलं की तो पळणार, अंगात त्राण नसलं तरी पळणार. त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, म्हणून ते नियमानं म्हणायचं.

पाणी पाजायला, मानेवर आणि पायांवर पाणी ओतायला बंदी नाही. ते ठरलेल्या जागीच करायचं, एवढंच. शिवाय स्वार पडला, तर त्याला उचलायला आणि सुटलेला घोडा धरायला कुणाची आडकाठी नाही. तेवढी माणुसकी नियमातच आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. एकाच्या दिमतीला पाच माणसं आणि बर्फाच्या पेट्या, दुसऱ्याबरोबर फक्त धाकटा भाऊ आणि एक बादली. दोघंही नियमात बसतात, पण ही बरोबरी नव्हे. गिरणारे किंवा त्र्यंबकच्या बाजूला कुणी अशी राइड भरवणार असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे: पाण्याच्या टाक्या आयोजकांनीच भराव्यात, आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात.

आणि बक्षीस फक्त पहिल्या आलेल्याला नको. कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणाऱ्या टेव्हिस कप या अशाच घोडदौडीत पहिल्या दहांतल्या सर्वांत ठणठणीत घोड्यासाठी हॅगिन कप असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्य पुन्हा तपासतात आणि मगच ठरवतात. आपल्याकडेही असा एक कप हवाच. तो कप घोड्याच्या मोतद्दाराच्या हाती द्यावा.

नमस्कार.