उडी मोजतात, उतरणं कोण बघतं?

मंडळी, मे महिन्यात नागपुरात सभागृह भरतं ते वक्त्यासाठी नाही, कूलरसाठी. मला चालतं.

विषय भारदस्त छापलाय: उडीनंतर उतरताना खेळाडूचा खुबा, गुडघा आणि घोटा काय करतात. येतो त्यावर. आधी माझं दुखणं ऐका. निवड चाचणीत भिंतीवरची उडी असते ना? पोट्टी बोटांना खडू फासते, भिंतीला खेटून उभी राहते, उसळी मारून वर पांढरा ठसा उमटवते. लगेच एक जण टेप घेऊन स्टुलावर, दुसरा त्याचं स्टूल धरून, तिसरा वही घेऊन. तिघांच्याही माना वर. "52!" "नाही सर, 53!" एका सेंटिमीटरवरून पंचायत बसते. ती खाली आली तेव्हा दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांवर घासले, पाय फटकन आपटले, हे कोणाच्या वहीत? रकानाच नाही. एका चाचणीत मी तसं बोललो, तर एक निवडकर्ते म्हणाले, "डॉक्टर, खाली तं गोटाही येते!" तुम्ही हसताय तसेच तेव्हाही सगळे हसले. पण गोट्याला हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट नसतं हो! आणि आपली बास्केटबॉलची कितीतरी कोर्टं अजून सिमेंटची, तो राग वेगळा...

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बरं, पळत सांगतो.

गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही. ते फाटतं तेव्हा बहुतेक वेळा कोणी धडकलेलं नसतं; खेळाडू उतरत किंवा वळत असतो. दुखापतींचे व्हिडिओ तपासले तर पाय टेकल्यावर 40 मिलिसेकंदांच्या आसपास खेळ संपलेला दिसतो. तेवढ्यात सावरणं अशक्य, म्हणून स्नायू आधीच सज्ज हवेत. गुडघा ताठ असला की मांडीचा पुढचा स्नायू नडगी पुढे ओढतो. मागच्या स्नायूंना, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, ती आवरायला गुडघा वाकलेला लागतो. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमी पडला की मांडी आत पडते, गुडघाही तिच्याबरोबर. घोटा वाकत नसेल तर त्याच्या वाटचा धक्काही गुडघ्यावर.

मुलींना हा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा काही पटींनी जास्त. 2005 साली अमेरिकेत 205 खेळाडू मुलींचा अभ्यास छापून आला. पुढे ज्या 9 जणींचं एसीएल फाटलं, त्यांचे गुडघे आधी घेतलेल्या उडी मारून उतरण्याच्या चाचणीत इतरींपेक्षा सुमारे 8 अंश जास्त आत झुकले होते. लोक खूश! पण नंतर नॉर्वेत याहून मोठ्या गटावर पाहिलं, तर अशा चाचणीवरून कोणाचं फाटेल हे नीट ओळखता येईना. म्हणून नवा रकाना काढून त्यावर मुली गाळू नका, एवढं तरी ऐका. सगळ्यांनाच उतरायला शिकवा. वॉर्म-अपमध्येच ताकद, तोल आणि उतरण्याचा सराव घेणाऱ्या मुलींच्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्यात.

सूचना सोपी: गुडघे वाकव, पंजाच्या रेषेत ठेव, आवाज न करता उतर. आवाज आला तर पुन्हा उडी. हां, मागचे सर, विचारा. माईक येऊ द्या फक्त.