सतरा वर्षांच्या आत

[दृश्य : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, दिवे लागलेले. राष्ट्रगीतासाठी रांगेत उभे दोन संघ.]

३० ऑक्टोबर २०२२. रविवार. पाडव्याला चारच दिवस झालेत. नेरुळच्या या मैदानावर रात्री आठ वाजता १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होतोय. एकीकडे स्पेन, दुसरीकडे कोलंबिया. मैदानातल्या बावीसही मुली १ जानेवारी २००५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या. आपल्याकडे या वयाच्या मुली दहावी-बारावीच्या क्लासला जातात.

कोलंबियाच्या रांगेतली ही मुलगी बघा. लिंडा काइसेडो. चौदाव्या वर्षी ती व्यावसायिक लीगमध्ये उतरली. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि ती मैदानावर परतली. २०२२ च्या जुलैमध्ये ती मोठ्या बायकांच्या संघातून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा खेळली आणि त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. ऑगस्टमध्ये कोस्टारिकात २० वर्षांखालील विश्वचषक खेळली. आणि ऑक्टोबरमध्ये इथे, नवी मुंबईत, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आहे. चार महिन्यांत तीन मोठ्या स्पर्धा, तीन वेगवेगळे वयोगट.

तिला हे जमलं, कारण तिच्यासमोर सामने होते. ही गोष्ट त्या सामन्यांची आहे. मुलीला वेळेवर मिळालेल्या आणि न मिळालेल्याही.

[दृश्य : गेटवे ऑफ इंडिया, २०१९. बोधचिन्हाचं अनावरण.]

मार्च २०१९ मध्ये फिफानं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेनं, हा विश्वचषक भारताला दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत, गेटवे ऑफ इंडियासमोर, स्पर्धेचं बोधचिन्ह प्रकाशित झालं. स्पर्धा ठरली नोव्हेंबर २०२० मध्ये. तेव्हा ठरलेली ठिकाणं पाच : अहमदाबाद, भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता, नवी मुंबई. मुली निवडायला सुरुवात झाली. प्रशिक्षक म्हणून स्वीडनचे थॉमस डेनरबी आले. २०११ च्या महिला विश्वचषकात स्वीडनला तिसरा क्रमांक मिळवून देणारे हेच डेनरबी. भारताची मुलींची टोळी पहिल्यांदाच इतक्या अनुभवी माणसाच्या हाताखाली तयार होऊ लागली.

आणि मग कोविड.

स्पर्धा आधी फेब्रुवारी २०२१ वर ढकलली गेली. मग रद्दच झाली. भारताला सांगितलं गेलं, यजमानपद तुमचंच, पण २०२२ चं.

कागदावर हा नुसता तारखेचा बदल दिसतो. पण या स्पर्धेला वयाची अट आहे. २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ नंतरचा जन्म चालत होता, २०२२ साठी २००५ नंतरचाच. म्हणजे २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या सगळ्या मुली, ज्यांच्यासाठी शिबिरं लागली, ज्यांनी घर सोडलं, ज्यांच्या आईवडिलांनी गावात सांगितलं की आमची पोरगी वर्ल्ड कप खेळणार आहे, त्या सगळ्या एका निर्णयानं बाद झाल्या. कुणाचा पाय मोडला नव्हता. कुणी वाईट खेळलं नव्हतं. जगभरच्या मुलींचं हे नुकसान झालं, आपल्या एकट्यांचं नाही. तरी स्पेनच्या किंवा जर्मनीच्या मुलीसमोर तिच्या देशातली लीग होती. आपल्या मुलीसमोर काय होतं? आपल्याकडे त्या वयाच्या मुलींसाठी वर्षभर चालणारी राष्ट्रीय लीगच नव्हती. विश्वचषक गेला म्हणजे सगळंच गेलं. माझ्या मते या संपूर्ण स्पर्धेतली सर्वांत दुखरी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं.

नवी पिढी निवडली गेली. पुन्हा शिबिर, पुन्हा चाचण्या, या वेळी जमशेदपूरला. इटली, नॉर्वे आणि स्पेन असे परदेश दौरे झाले. इटलीनं सात गोल घातले. पण मुली शिकत होत्या.

ऑगस्ट २०२२. स्पर्धेला दोन महिनेही उरले नव्हते. महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप होतो आहे म्हणून फिफानं अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. विश्वचषक भारतातून जाणार, असं दिसू लागलं. याच बंदीपायी गोकुलम केरळ या क्लबच्या महिला ताश्कंदला पोहोचूनही आशियाई क्लब स्पर्धा न खेळता परतल्या. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, न्यायालयानंच नेमलेल्या प्रशासक समितीचा कारभार संपला आणि २६ ऑगस्टला बंदी उठली. खुर्च्यांचं भांडण मोठ्यांचं होतं. जीव टांगणीला लागला तो शिबिरातल्या सोळा वर्षांच्या पोरींचा.

[दृश्य : भुवनेश्वर, कलिंग स्टेडियम. भारतीय संघ मैदानात येतो.]

११ ऑक्टोबर. भारत विरुद्ध अमेरिका. कर्णधार अस्तम ओरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. एकवीस जणींच्या या संघात झारखंडच्याच सहा जणी आहेत. मणिपूरच्या आहेत, हरियाणाच्या आहेत, आणि आपल्या पुण्याची काजोल डिसूझा आहे. त्याच दिवसांत अस्तमच्या गावात रस्त्याचं काम चालू होतं आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडील मजुरीला होते. मुलगी देशाची कर्णधार, आईवडील तिच्याच गावच्या रस्त्यावर खडी टाकतायत. ही बातमी तेव्हा देशभर फिरली.

मध्यंतरापर्यंत पाच गोल झाले होते. सामना संपला तेव्हा आठ. त्यातला एक गोल भारतीय वंशाच्या मिया भूताचा. अमेरिकेच्या जर्सीत, भारतात, भारताविरुद्ध.

तीन दिवसांनी मोरोक्को. हा सामना जरूर बघा, कुठे मिळाला तर. आठ गोल खाल्लेला संघ तिसऱ्या दिवशी काय करतो? भारताच्या मुलींनी मध्यंतरापर्यंत मोरोक्कोला एकही गोल करू दिला नाही. बचावफळी जागेवर होती, धावत होती, एकमेकींना ओरडून सांगत होती. दुसऱ्या अर्धात पेनल्टीवर गोल खाल्ला, मग दम कमी पडला. ०–३. या वयोगटाच्या विश्वचषकात मोरोक्कोचा तो पहिलाच विजय. शेवटी ब्राझीलकडून ०–५.

तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या आठवड्यात लोक या मुलींवर हसले. त्यांच्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. जर्मनीत १७ वर्षांखालील मुलींची बुंडेसलीगा, म्हणजे त्यांची वरच्या दर्जाची लीग, २०१२ मध्येच सुरू झाली. जपाननं २००६ मध्ये फुकुशिमात अकादमी काढली, तिथे मुली फुटबॉलसाठीच राहतात आणि शिकतात. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर ती अकादमी दुसऱ्या प्रांतात हलवावी लागली, पण बंद पडली नाही. अशा देशांच्या मुली इथे येण्याआधी वर्षानुवर्षं दर आठवड्याला सामने खेळलेल्या. आपल्या मुलींना सलग शिबिर मिळालं ते शेवटचे काही महिने. दौडीत, तयारीत, चेंडू मिळण्याआधी मान वळवून बघण्याच्या सवयीत जो फरक दिसला, तो सामन्यांच्या संख्येचा फरक होता. एकीनंही हार मानून चालायला सुरुवात केली नाही.

भारत नेहमीच असा मागे होता, असंही नाही. १९८० आणि १९८३ मध्ये भारताच्या महिला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेत्या होत्या. त्या काळातल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक, योलांडा डिसूझा, गोव्याची.

[दृश्य : मडगाव, फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम.]

आणि गोव्यातच या स्पर्धेचा खरा रंग चढला.

टांझानियाचं घ्या. पुरुष असोत की महिला, कोणत्याही वयोगटात टांझानिया याआधी फुटबॉलच्या विश्वचषकाला आली नव्हती. पहिल्या सामन्यात जपाननं चार गोल घातले. बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, आता या मुली तीन सामने खेळून घरी जातील. दुसऱ्या सामन्यात समोर फ्रान्स होता, २०१२ चा विश्वविजेता. टांझानिया २, फ्रान्स १. मग कॅनडाशी १–१. फ्रान्स आणि कॅनडा दोघेही बाहेर, टांझानिया उपांत्यपूर्व फेरीत. तिथे काइसेडोच्या कोलंबियानं त्यांना ३–० असं थांबवलं.

जपान गटात दहा गोल करून आला होता. खाल्ला एकही नव्हता. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनविरुद्ध त्यांनी आघाडी घेतली आणि अगदी शेवटापर्यंत टिकवली. जपानचा चेंडू कसा फिरतो, ते बघत बसावं असं आहे : कुणी उगाच पळत नाही, कुणी उगाच जोरात मारत नाही. स्पेनची विकी लोपेस तेव्हा सोळा वर्षांची होती. शेवटच्या काही मिनिटांत तिनं एक गोल केला, मग दुसरा. १–२. स्पर्धेतला सर्वांत देखणा संघ उपांत्य फेरीआधीच परत गेला.

इकडे नवी मुंबईत नायजेरियानं अमेरिकेला पेनल्टी शूटआउटवर हरवलं. भारताला आठ गोल घालणारी हीच ती अमेरिका. नायजेरिया याआधी कधी उपांत्य फेरीत पोहोचली नव्हती.

उपांत्य सामने २६ ऑक्टोबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, दोन्ही फातोर्ड्यातच. कोलंबिया आणि नायजेरिया पूर्ण वेळ गोलाविना झुंजल्या आणि पेनल्टीवर कोलंबिया ६–५ नं निघाली. कोलंबियाचा कोणताही संघ, पुरुषांचा किंवा महिलांचा, कोणत्याही वयाचा, फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्याआधी कधी गेला नव्हता. दुसऱ्या सामन्यात जर्मनीविरुद्ध स्पेनच्या लुसिया कोरालेसनं नव्वदाव्या मिनिटाला एकुलता एक गोल केला.

[दृश्य : पुन्हा नवी मुंबई. अंतिम सामन्याचा उत्तरार्ध.]

अंतिम सामन्याआधी, दुपारी साडेचारला, तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी. नायजेरिया ३–० नं पुढे होती. जर्मनीनं तिन्ही गोल फेडले. मग पुन्हा पेनल्टी, आणि नायजेरियाला पदक.

रात्रीचा सामना मात्र अडला होता. स्पेनकडे चेंडू जास्त, कोलंबियाकडे काइसेडो. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू त्यांच्याच एका खेळाडूकडून जाळ्यात गेला. स्वयंगोल. तिचं नाव नोंदीत आहे, इथे घेत नाही. स्पेन १, कोलंबिया ०. २०१८ नंतर स्पेन पुन्हा विश्वविजेता. सर्वोत्तम खेळाडू विकी लोपेस, सर्वोत्तम गोलरक्षक स्पेनचीच सोफिया फुएन्ते, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पुरस्कार जर्मनीच्या लोरीन बेंडरला.

पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण नेरुळला आणि मडगावला ज्यांनी हे सामने पाहिले त्यांनी नेमकं काय पाहिलं, ते नंतर कळलं. दहा महिन्यांनी स्पेनच्या मोठ्या संघानं सिडनीत इंग्लंडला हरवून महिला विश्वचषक जिंकला. सतरा, वीस आणि खुला, तिन्ही वयोगटांचे चषक एकाच वेळी स्पेनकडे होते. त्याच स्पर्धेत काइसेडोनं जर्मनीविरुद्ध गोल केला आणि कोलंबियानं तो सामना २–१ नं जिंकला. तोवर रिअल माद्रिदनं तिला करारबद्ध केलं होतं. विकी लोपेसला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूची कोपा ट्रॉफी मिळाली. मोरोक्कोनं भारताविरुद्ध पहिला विजय मिळवला आणि तीन वर्षांत हाच विश्वचषक स्वतःच्या देशात भरवला, चोवीस संघांचा. आता तो २०२९ पर्यंत दर वर्षी मोरोक्कोतच होणार आहे. म्हणजे एका वर्षी वयाची संधी चुकली तर दुसऱ्या वर्षी मिळू शकते. २००३ आणि २००४ च्या मुलींना ही सोय मिळाली नाही.

आणि भारत? ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांखालील मुलींनी म्यानमारला हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. त्या संघात भुवनेश्वरला हरलेल्या काही जणी होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये १७ वर्षांखालील संघ किर्गिझस्तानात, बिश्केकला गेला. यजमान म्हणून बसल्या जागी मिळालेला प्रवेश या वेळी नव्हता, पात्रता फेरी खेळायची होती. उझबेकिस्तानविरुद्ध भारत एका गोलनं मागे होता. दुसऱ्या अर्धात थांडामोनी बास्केनं बरोबरी साधली, अनुष्का कुमारीनं दुसरा गोल केला. २–१. पात्रता फेरी जिंकून १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

सतराच्या आतल्या मुलींना सामने हवेत. जिल्ह्याच्या मैदानावर, शाळेच्या वर्षाला धरून, दर आठवड्याला. नेरुळचं आणि फातोर्ड्याचं हिरवं मैदान आपल्याकडे आहेच. कोल्हापूरला, पुण्याला, मडगावला बूट बांधून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुली पण आहेत. येत्या शनिवारी त्यांचा सामना कुणाशी आहे, हे आपल्या प्रत्येक जिल्हा संघटनेला विचारा.