कॉलर विकणारा देखणा पुरुष

श्रोतेहो, नमस्कार.

'कॉलर ताठ होणे' हे आपण अभिमानाबद्दल बोलताना सहज म्हणून जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत मात्र कॉलर खरोखरच ताठ लागे आणि ती सदऱ्याला शिवलेलीही नसे. खळ देऊन कडक केलेली ही पट्टी वेगळी विकत घ्यायची आणि बटणांनी सदऱ्याच्या गळ्याला अडकवायची. सदरा दोन-तीन दिवस चालवला तरी कॉलर रोज बदलता येई आणि परिटाचे पैसे वाचत. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात १८२७ च्या सुमारास एका गृहिणीने नवऱ्याच्या सदऱ्याची मळकी कॉलर तेवढी कापून धुतली आणि तिथून हा धंदा उभा राहिला, असे सांगतात.

याच ट्रॉयमधील क्लुएट, पीबॉडी आणि कंपनी 'ॲरो' या नावाने कॉलर विकत असे. आता, पांढऱ्या कापडाच्या चिंचोळ्या पट्टीची जाहिरात करायची म्हणजे चित्रात दाखवायचे तरी काय? १९०५ मध्ये हे काम चित्रकार जोसेफ ख्रिश्चन लायेंडेकर यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १८७४ मध्ये जर्मनीतल्या मोंटाबाउर गावी झाला. आठ वर्षांचे असताना ते कुटुंबासह शिकागोला आले, तिथे एका ठसे कोरणाऱ्या छापखान्यात त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे धाकट्या भावासह पॅरिसच्या ज्युलियन अकादमीत चित्रकलेचे शिक्षण घेतले. छापखान्यातली ती उमेदवारी मला पॅरिसइतकीच मोलाची वाटते, कारण छपाईत काय टिकते आणि काय पुसट होते, हे तिथे हाताला कळते.

लायेंडेकर यांनी पट्टीऐवजी ती घालणारा माणूस रंगवला: रुंद खांद्यांचा, रेखीव हनुवटीचा, कधी पुस्तक वाचणारा, कधी नृत्याच्या मेजवानीत उभा असलेला, आणि पाहणाऱ्याकडे फारसे लक्ष नसलेला. कॉलरची स्तुती करण्याची गरजच उरली नाही. ती गळ्याभोवती होती आणि मान तिच्यामुळेच अशी ताठ दिसते, हे पाहणारा स्वतःच ठरवून टाकत असे. छायाचित्रांवर विसंबण्याऐवजी ते जिवंत मॉडेल समोर बसवून अनेक कच्ची अभ्यासचित्रे काढत, चौकटी आखून ती मोठ्या पटावर उतरवत आणि मग तेलरंगाचे रुंद, तिरके, समांतर फटकारे असे मारत, की प्रत्येक फटकारा डोळ्यांना वेगळा दिसे आणि तरीही कापडाची घडी चुकत नसे. या चित्रांमागचा मुख्य चेहरा चार्ल्स बीच यांचा होता; लायेंडेकर यांचे ते जवळजवळ अर्धशतकाचे सोबती. मासिकांतून आणि ट्रामगाड्यांतल्या फलकांवरून झळकलेल्या या कल्पित पुरुषाला स्त्रियांची प्रेमपत्रे येत, लग्नाच्या मागण्यासुद्धा येत, आणि ती कंपनीच्या पत्त्यावर पोहोचत. जाहिरातीतल्या माणसाला लोकांनी खरे मानण्याचा प्रकार आजचा नाही, तो असा जुना आहे.

जाहिरातींखेरीज 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकासाठी त्यांनी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे केली आणि नव्या वर्षाचे प्रतीक म्हणून एक बाळ दरसाल त्यावर आणले. इतके काम करूनही त्यांनी स्वतःविषयी फारसे बोलणे टाळले.

पुढे पहिल्या महायुद्धात गणवेशाच्या मऊ कॉलरची सवय झालेले तरुण घरी परतले, आणि त्यांना ती ताठ पट्टी मानेला नकोशी वाटू लागली. शिवलेल्या कॉलरचे सदरे आले, आणि १९३१ च्या सुमारास लायेंडेकर यांचे ॲरोसाठीचे काम थांबले. १९५१ मध्ये न्यू रोशेल येथे त्यांचे निधन झाले, आणि त्यांची कितीतरी कच्ची अभ्यासचित्रे घरासमोरच्या विक्रीत क्षुल्लक किमतीला गेली. त्यांच्या मूळ चित्रांचा मोठा संग्रह आज कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या हॅगिन संग्रहालयात आहे. तिथे येणाऱ्या तरुण मंडळींना सुटी कॉलर म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावे लागत असेल.