मनोऱ्याविना उभं राहिलेलं चर्च

मित्रहो, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अँडोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८ मार्च १८५० रोजी दहा स्वीडिश माणसांनी ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांची, मंडळी स्थापन केली. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, लार्स पॉल एस्ब्योर्न आदल्याच वर्षी शंभरावर लोकांना घेऊन मायदेश सोडून आले होते.

दहा माणसांचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण तेव्हाचं स्वीडन डोळ्यांपुढे आणा. तिथे चर्च सरकारी, आणि मूल जन्मलं की ते चर्चचंच. पाळकाविना घरी जमून बायबल वाचायलासुद्धा १७२६ च्या कायद्याने बंदी होती. ती उठली १८५८ मध्ये. अशा मुशीत वाढलेल्या गरीब शेतकऱ्यांना आता पाळक स्वतः पोसायचा होता, चर्चही स्वतःच बांधायचं होतं. शिवाय शेजारच्या बिशप हिल या वसाहतीत एरिक यान्सन या स्वीडिश धर्मोपदेशकाचा वेगळा पंथ होता, आणि योनास हेडस्ट्रॉम यांचे मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे लोकही स्वीडिश लोकांना आपल्याकडे ओढत होते. कुणी कुणाला बांधलेलं नव्हतं. तरीही ही माणसं टिकली, याचं मला फार मोल वाटतं.

१८५१ मध्ये एस्ब्योर्न वर्गणीसाठी पूर्वेकडच्या शहरांत फिरले. सुप्रसिद्ध स्वीडिश गायिका जेनी लिंड तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. त्यांनी एकरकमी १५०० डॉलर दिले, आणि बांधकाम सुरू झालं.

तेवढ्यात कॉलरा आला. नवे स्थलांतरित थकलेले, अर्धपोटी असे गावात उतरत आणि आजारी पडत. चर्च अजून अपुरंच होतं, पण तळघर तयार होतं. तिथेच आजाऱ्यांना ठेवलं, निराधारांना आसरा दिला. मनोऱ्यासाठी आणलेलं लाकूड शवपेट्यांना लागलं, असं तिथले लोक आजही सांगतात. मनोरा राहिला तो राहिलाच. १८५२ मध्ये एस्ब्योर्न यांची पत्नीही गेली. त्या वास्तूचं अर्पण अखेर डिसेंबर १८५४ मध्ये झालं. लोक तिला जेनी लिंड चॅपेल म्हणतात, आणि ती अजून उभी आहे. कुठल्याही भव्य कॅथीड्रलपेक्षा मला ती मोठी वाटते, कारण आधी माणसं आणि मग मनोरा, हा हिशेब तिथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पुढे विश्वासाच्या कबुलीजबाबावरून, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत मांडणीवरून, उत्तर इलिनॉयच्या सिनडशी, म्हणजे तिथल्या मंडळ्यांच्या संघाशी, मतभेद झाले. १८६० मध्ये स्कँडिनेव्हियन मंडळ्या वेगळ्या झाल्या आणि त्यांनी ऑगस्टाना सिनड स्थापन केली. तिचे मिशनरी पुढे आपल्या आंध्रात, राजमहेंद्रीलाही आले. १९६२ मध्ये ती एका मोठ्या ल्यूथरन चर्चमध्ये विलीन झाली.

एस्ब्योर्न स्वतः १८६३ मध्ये स्वीडनला परतले आणि पुन्हा सरकारी चर्चचे पाळक झाले. काहींना ही माघार वाटते; मला नाही वाटत. त्यांच्यामागे अँडोव्हरच्या लोकांनी थोड्याच वर्षांत विटांचं मोठं चर्च बांधलं. यावेळी त्याला उंच मनोराही होता.